'कम अँड सी' बघावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एलेम क्लिमोव यांच्या १९८५ सालच्या या सोव्हिएत चित्रपटाबद्दल मी बरीच वर्षं बोलतो आहे, लिहितो आहे. त्यामुळे तेच तेच प्रश्न येत राहतात. कधी बघण्याआधी, कधी अर्ध्यातून उठल्यावर, कधी शेवट पाहून झोप न लागलेल्या रात्री. त्यांतले नेहमीचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. कथेतले मोठे प्रसंग उघड करणाऱ्या उत्तरांच्या सुरुवातीला तसं सांगितलं आहे.

हा सिनेमा नेमका कशाबद्दल आहे?

साल १९४३. बेलारूस नाझी जर्मनीच्या ताब्यात आहे. फ्ल्योरा नावाचा किशोरवयीन मुलगा वाळूत पुरलेली बंदूक उकरून काढतो, कारण बंदूक असली तर जंगलातल्या गनिमी सैनिकांच्या तुकडीत जागा मिळते. आई रडते, विनवते, पण तो हसतहसत निघतो. पुढचे काही दिवस तो जे पाहतो, तोच हा सिनेमा. कथानक म्हणावं तर एवढंच. यात लढाया जिंकल्या जात नाहीत आणि नायक पराक्रम करत नाही. एक मुलगा बघत राहतो आणि बघता बघता म्हातारा होतो.

लांबी सुमारे १४२ मिनिटं. भाषा बेलारूसी, रशियन आणि जर्मन.

एका वाक्यात सांगा: बघावा की नाही?

बघावा, पण आपल्या मर्जीने, तयारीने, आणि मन आधीच खचलेलं असताना नाही.

कारण सांगायला एक वाक्य पुरत नाही. पटकथा तयार होत असताना क्लिमोव यांना वाटलं होतं की हे कुणालाही पाहवणार नाही. त्यांनी तसं सहलेखक आलेस अदामोविच यांना बोलून दाखवलं. त्यावर अदामोविच यांचं म्हणणं असं, की न बघवलं तर न बघोत, पण आपण हे मागे ठेवून गेलंच पाहिजे, युद्धाचा पुरावा म्हणून. मला हा सिनेमा तसाच दिसतो. करमणूक, थरार किंवा सहनशक्तीची परीक्षा म्हणून तो केलेला नाही. ती साक्ष आहे, आणि साक्ष ऐकणारं कुणीतरी समोर बसलेलं लागतं.

नावाचा अर्थ काय?

मूळ रशियन नाव 'इदी इ स्मोत्री', म्हणजे 'ये आणि बघ'. बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरणाच्या पुस्तकात सहाव्या अध्यायात एकेक शिक्का फोडला जातो आणि एकेक घोडेस्वार बाहेर पडतो. त्या प्रत्येक वेळी ही हाक येते. आधी सिनेमाचं नाव 'हिटलरला ठार करा' असं ठरलं होतं. ते का महत्त्वाचं आहे ते शेवटच्या प्रसंगाबद्दलच्या प्रश्नात पाहा.

रक्तपात खूप आहे का?

बहुतेकांना वाटतो त्यापेक्षा कमी. हातपाय तुटताना जवळून दाखवणारे, रक्ताच्या चिळकांड्या उडवणारे प्रसंग फारसे नाहीत. आजकालच्या कुठल्याही मारधाडपटात याहून जास्त रक्त सापडेल. सर्वांत भयंकर गोष्टी दुरून, धुरातून, एका ओझरत्या नजरेत दिसतात किंवा नुसत्या ऐकू येतात.

मी नेहमी एकच उदाहरण देतो. (पहिल्या भागातला एक प्रसंग इथे उघड होतो.) फ्ल्योरा आणि छावणीत भेटलेली ग्लाशा नावाची मुलगी त्याच्या घरी परत येतात. घर रिकामं आहे. चुलीतलं सूप अजून कोमट आहे. बहिणींच्या बाहुल्या जमिनीवर ओळीने पडल्या आहेत. माश्या घोंगावताहेत. फ्ल्योरा म्हणतो, सगळे बेटावर लपायला गेले असतील, आणि धावत सुटतो. त्याच्या मागून धावताना ग्लाशा एकदाच वळून बघते आणि घराच्या भिंतीमागे काय रचून ठेवलंय ते आपल्यालाही क्षणभर दिसतं. फ्ल्योराला दिसत नाही. तो आशेने चिखल तुडवत जातो, आणि आता आपल्याला जे ठाऊक आहे ते त्याला ठाऊक नाही. रक्ताचा थेंबही न दाखवता माणूस इतका हादरू शकतो, हे मला तिथे कळलं.

मग इतका त्रास का होतो?

माझ्या मते दोन गोष्टींमुळे, आवाज आणि चेहरे.

जंगलावर बॉम्ब पडतात तेव्हा फ्ल्योराचे कान बधिर होतात, आणि त्याच्याबरोबर आपलेही. पुढे बराच वेळ सगळे आवाज पाण्याखालून आल्यासारखे येतात, वर कानात एक शीळ चालू. त्या शिळेत संगीताचे, माश्यांचे, विमानाचे तुकडे मिसळतात. टेहळणी करणारं एक जर्मन विमान तर पहिल्या प्रसंगापासून डोक्यावर घिरट्या घालत असतं. ते प्रत्येक वेळी काही करतं असं नाही. ते असतं, एवढंच.

आणि चेहरे. माणसं थेट कॅमेऱ्यात बघतात. छायाचित्रकार अलेक्सेय रोदिओनोव यांचा कॅमेरा स्टेडिकॅमवर (हादरे शोषून घेणाऱ्या, अंगावर बांधायच्या आधारावर) तरंगत पात्रांच्या अगदी तोंडासमोर येतो आणि हलत नाही. सिनेमाची चौकटही जुन्या पद्धतीची, जवळजवळ चौकोनी. त्यामुळे चेहऱ्याच्या बाजूला नजर वळवायला जागा राहत नाही. युद्धपटात आपण सहसा सैनिकाच्या खांद्यावरून शत्रूकडे बघतो. इथे एका मुलाचे डोळे आपल्याकडे बघत असतात, आणि त्याने काय पाहिलं ते आपल्याला त्या डोळ्यांवरून ओळखावं लागतं.

लैंगिक अत्याचार दाखवलाय का? मुलांवर, प्राण्यांवर हिंसा?

तिन्ही आहेत. आधीच माहीत असलेलं बरं, म्हणून सांगतो.

लैंगिक अत्याचार घडताना दिसत नाही, पण त्यानंतरची मुलगी दिसते आणि तो क्षण लांबवर रेंगाळतो. एका तरुणीला सैनिकांच्या ट्रकमध्ये फरफटत नेतानाही दिसतं. लहान मुलं मारली जातात. ते जवळून दाखवलेलं नाही, पण त्याबद्दल शंकाही उरत नाही. प्राण्यांमध्ये गाईचा एक प्रसंग आहे. त्याबद्दल खऱ्या गोळ्यांच्या प्रश्नात वेगळं लिहिलंय.

मग कुणी बघू नये?

ज्यांनी अलीकडेच जवळचं माणूस, विशेषतः मूल, गमावलं आहे त्यांनी आत्ता नको. युद्ध, दंगल, आग किंवा अत्याचार यांतून जे स्वतः गेले आहेत त्यांना तर हे 'बघायलाच हवं' असं सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही. त्यांना यातलं बरंच काही आधीच माहीत आहे. गरोदरपणात किंवा घरात तान्हं बाळ असताना पाहिलेल्या काही जणींनी मला लिहिलं की त्यांना फार जड गेलं. सिनेमा कुठे पळून जात नाही. पाच वर्षांनी पाहिला तरी तो तसाच असेल.

मुलांना दाखवता येईल का? त्यात मुलगाच तर नायक आहे.

नायक मुलगा आहे म्हणून सिनेमा मुलांचा होत नाही. सोळा-सतरा वर्षांच्या आत मी दाखवणार नाही. त्यानंतरही शेजारी बसून, आणि आधी इतिहास सांगूनच. 'चल, एक भारी वॉर फिल्म बघू' असं म्हणून दाखवणं म्हणजे त्या मुलाची फसवणूक आहे. गंमत अशी की फ्ल्योराचीही तीच फसवणूक झालेली असते. तोही युद्धाला खेळ समजूनच निघतो.

कसा बघावा? एका बैठकीत की तुकड्यातुकड्यांत?

शक्यतो एका बैठकीत, दिवसाउजेडी, फोन बाजूला ठेवून. दिवसा अशासाठी, की नंतर बाहेर चालायला जाता येतं. एकट्याने बघणारे बरेच असतात, पण मी दोघांनी बघा असं सांगेन. बोलण्यासाठी नव्हे. संपल्यावर बराच वेळ कुणी बोलत नाही. शेजारी कुणी असलं की पुरे.

चांगले हेडफोन किंवा स्पीकर हवेतच. फोनच्या स्पीकरवर या सिनेमाचा अर्धा भाग ऐकूच येत नाही. प्रत शक्यतो नव्याने दुरुस्त केलेली मिळवा. मॉसफिल्म या मॉस्कोच्या स्टुडिओने केलेल्या पुनर्संचयनाला २०१७ साली व्हेनिस महोत्सवात सर्वोत्तम पुनर्संचयित चित्रपटाचा पुरस्कार मिळाला होता. डब केलेली आवृत्ती टाळा. भाषांची सरमिसळ हा अर्थाचाच भाग आहे. गावकऱ्यांवर जर्मन आदेश ओरडले जातात तेव्हा ते त्यांना कळत नाहीत, आणि ते न कळणं आपल्यालाही जाणवायला हवं.

मध्येच थांबवावंसं वाटलं तर थांबवा. त्याबद्दल पुढे आणखी एक प्रश्न आहे.

हे खरंच घडलं होतं?

फ्ल्योरा काल्पनिक आहे. त्याच्याभोवतीचं जग काल्पनिक नाही.

अदामोविच स्वतः किशोरवयात बेलारूसच्या गनिमी तुकडीत होते. पुढे, १९७०च्या दशकात, त्यांनी यांका ब्रिल आणि व्लादिमिर कालेस्निक या दोन लेखकांबरोबर गावोगाव फिरून जाळपोळीतून वाचलेल्या माणसांच्या हकिकती त्यांच्याच आवाजात नोंदवल्या. त्यांचं पुस्तक झालं. ते पुस्तक आणि अदामोविच यांची खतिन या जाळल्या गेलेल्या खेड्यावरची कादंबरी यांतून ही पटकथा उभी राहिली. गोठ्यासारख्या एका इमारतीत अख्खं गाव कोंडून आग लावायची, ही पद्धत लेखकाने रचलेली नाही. ती त्या माणसांनी सांगितलेली आहे. सिनेमाच्या शेवटी अक्षरं येतात, की बेलारूसमधली ६२८ गावं रहिवाशांसकट जाळली गेली. जाळपोळ झालेल्या गावांची एकूण संख्या तर हजारोंत जाते. युद्धात बेलारूसने आपल्या लोकसंख्येचा सुमारे चौथा हिस्सा गमावला.

क्लिमोव यांचंही स्वतःचं काही यात आहे. त्यांचा जन्म १९३३चा, स्टालिनग्राडचा. शहर पेटलेलं असताना आई आणि तान्ह्या भावाबरोबर ते व्होल्गा ओलांडून निसटले, तेव्हा ते नऊ वर्षांचे होते. मला ठाऊक होतं ते सगळं दाखवलं असतं तर मलाच बघवलं नसतं, असं ते नंतर म्हणत.

खतिन म्हणजेच कातिन का?

नाही, आणि हा घोळ फार लोकांचा होतो. खतिन हे बेलारूसमधलं खेडं. २२ मार्च १९४३ रोजी तिथल्या १४९ माणसांना जाळून आणि गोळ्या घालून मारलं गेलं. त्यांत ७५ मुलं होती. हे नाझींच्या बाजूच्या तुकड्यांनी केलं, आणि त्यांत सोव्हिएत प्रदेशातून भरती केलेले सहायक पोलीसही होते. कातिन रशियात आहे. तिथे १९४० साली पोलंडच्या हजारो अधिकाऱ्यांना सोव्हिएत गुप्त पोलिसांनी ठार मारलं. एका गुन्ह्याचे गुन्हेगार नाझी, दुसऱ्याचे सोव्हिएत. नावं जवळची असली तरी एकाच्या जागी दुसरं सांगणं म्हणजे दोन्हीकडच्या मृतांवर अन्याय आहे.

त्या मुलाचे केस खरंच पांढरे झाले होते म्हणे?

ही दंतकथा दर वर्षी नव्याने फिरते. पडद्यावर दिसतो तो रंगभूषेचा परिणाम आहे. पण तिच्यामागची काळजी खोटी नाही. अलेक्सेय क्रावचेन्को तेव्हा चौदा वर्षांचा होता आणि त्याने आधी कधी अभिनय केला नव्हता. चित्रीकरण सुमारे नऊ महिने चाललं, आणि तेही कथेच्याच क्रमाने. म्हणजे त्याचा चेहरा बदलत जातो तो खरोखर दिवसांमागून दिवस. त्याला खूप वजन उतरवावं लागलं. त्याच्या मनावर परिणाम होऊ नये म्हणून क्लिमोव यांनी संमोहनाचाही विचार केला होता. क्रावचेन्को पुढे व्यावसायिक अभिनेता झाला आणि या सिनेमाबद्दल आजही मोकळेपणाने बोलतो, ही गोष्ट मला दिलासा देते.

खऱ्या गोळ्या वापरल्या होत्या? मग असा सिनेमा बघणं नैतिक आहे का?

काही दृश्यांत खऱ्या गोळ्या डोक्यावरून गेल्याचं क्रावचेन्कोने मुलाखतींत सांगितलं आहे. गाईचा प्रसंग (रात्री उघड्या शेतात गोळीबार होतो आणि गाय कोसळते) प्राण्याला खरी इजा झाली असंच मानून पाहा.

यावर माझं मत सरळ आहे: हे चुकीचं होतं. सिनेमा थोर आहे म्हणून ते बरोबर ठरत नाही. आज कुणी एका मुलाला असं उभं केलं तर मी त्याच्या विरोधात उभा राहीन. आणि तरीही मी हा सिनेमा दाखवतो. दोन्ही गोष्टी एकत्र धरून ठेवणं मला जड जातं, पण त्यातली एक सोडून दिली तर ते खोटं होईल. ज्यांना एवढ्याच कारणासाठी बघायचा नाही, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

हा सोव्हिएत प्रचारपट नाही का?

प्रश्न रास्त आहे. सिनेमा सरकारी स्टुडिओचा, मॉसफिल्म आणि बेलारूसफिल्म यांचा. प्रदर्शित झाला तो युद्धविजयाच्या चाळिसाव्या वर्षी. त्याच वर्षी मॉस्कोच्या महोत्सवात त्याला सुवर्ण पारितोषिकही मिळालं.

पण त्याच सरकारच्या सेन्सॉरांनी तो सात-आठ वर्षं अडवून ठेवला होता. त्यांना हवा होता विजय, आणि पटकथेत होती घाण, भूक आणि भेदरलेली माणसं. प्रचारपटात तुकडीचा सेनापती वीर असतो. इथला सेनापती फ्ल्योराचे चांगले बूट एका म्हाताऱ्या सैनिकाला देऊन त्याला छावणीतच मागे ठेवतो. जर्मनांना साथ देणारे स्थानिक लोकही इथे दिसतात, आणि त्या काळात ते दाखवणं सोपं नव्हतं.

उणीव आहे ती वेगळीकडे. बेलारूसमध्ये लाखो ज्यूंची हत्या झाली, आणि सिनेमाचा भर मात्र जवळजवळ पूर्णपणे खेड्यांवर आहे. सोव्हिएत काळातल्या युद्धस्मृतीत ही बाजू नेहमीच दडपली गेली. म्हणून हा सिनेमा बेलारूसचा संपूर्ण इतिहास समजू नका.

जर्मन सैनिक राक्षसासारखे रंगवलेत, हे एकांगी नाही?

(गाव जाळण्याचा प्रसंग इथे येतो.) मला उलट वाटतं. ते राक्षस असते तर सोपं होतं. ते टाळ्या वाजवतात, खातात, गाणी लावतात, फोटो काढतात. फ्ल्योराच्या डोक्याला पिस्तूल लावून जणू सहलीला आल्यासारखा फोटो काढतात आणि निघून जातात. अधिकाऱ्याच्या खांद्यावर मोठ्या डोळ्यांचं एक छोटं पाळीव जनावर आहे आणि तो त्याला हळुवार कुरवाळतो. एका म्हातारीला ते खाटेसकट उघड्यावर सोडून जातात. ही तुकडी डर्लेवांगर या अधिकाऱ्याच्या कुख्यात एसएस (नाझी पक्षाच्या सशस्त्र दलाच्या) तुकडीसारखी आहे. तिच्यात शिक्षा झालेले गुन्हेगार भरले होते आणि तिने बेलारूसमध्ये हेच केलं. क्लिमोव एक आठवण सांगत, की एका प्रयोगानंतर एक वृद्ध जर्मन उभा राहिला आणि म्हणाला, मी त्या सैन्यात अधिकारी होतो, यातलं सगळं खरं आहे.

शेवटच्या प्रसंगाचा अर्थ काय? (शेवट पूर्ण उघड)

सर्वांत जास्त पत्रं याच प्रश्नाची येतात.

चिखलाच्या डबक्यात हिटलरची तसबीर पडलेली आहे. सगळ्या सिनेमात फ्ल्योराने बंदूक जवळ बाळगली, पण एकदाही झाडली नाही. आता तो तसबिरीवर गोळ्या झाडू लागतो. प्रत्येक गोळीबरोबर खऱ्या वृत्तपटांची दृश्यं उलटी धावतात. कोसळलेल्या इमारती पुन्हा उभ्या राहतात, बॉम्ब विमानांत परत जातात, मोर्चे मागे सरकतात, हिटलर तरुण होतो, मुलगा होतो, आणि शेवटी आईच्या मांडीवरचं बाळ होतो. फ्ल्योरा नेम धरून थांबतो. झाडत नाही.

हा क्षण थोड्याच वेळापूर्वीच्या एका संवादाशी जोडून पाहा. पकडला गेलेला एक नाझी अधिकारी शांतपणे सांगतो की सगळं मुलांपासून सुरू होतं, म्हणून मुलं उरता कामा नयेत, काही वंशांना भविष्याचा हक्कच नाही. गावात त्यांनी सांगितलं होतं, मुलांना आत सोडा आणि बाहेर या. आणि आता ज्याची आई, ज्याच्या बहिणी मारल्या गेल्या, त्या मुलासमोर एक मूल आहे, आणि ते कोण होणार हे त्याला माहीत आहे. तो त्या मुलाला मारत नाही. त्या अधिकाऱ्याच्या तर्काला सगळ्या सिनेमात दिलेलं एकमेव उत्तर हेच आहे, आणि तेही शब्दांविना. 'हिटलरला ठार करा' या जुन्या नावाचा अर्थ इथे उलगडतो. क्लिमोव यांच्या मनात तो हिटलर माणसाच्या आतला होता.

मग फ्ल्योरा धावत जाऊन तुकडीत मिसळतो, मोत्झार्टच्या 'रेक्विम'चे सूर येतात, कॅमेरा जंगलातून पुढे जातो आणि जमिनीवर बर्फ दिसू लागतं. युद्ध संपलेलं नाही.

मी अर्ध्यातून बंद केला. माझ्यातच काही कमी आहे का?

नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा गोठ्याच्या प्रसंगाला उठून बाहेर गेलो होतो. पुन्हा बसायला दोन महिने लागले. पुन्हा बसावंसं वाटलंच नाही तरी हरकत नाही. ज्यांना सिनेमा नको पण घडलेलं कळायला हवं आहे, त्यांच्यासाठी शेवटच्या प्रश्नात पुस्तकं आहेत.

मला तर काहीच वाटलं नाही. मी निर्दय आहे का?

असं लिहिणारे कमी नाहीत. बऱ्याचदा कारण असतं ते 'जगातला सर्वांत भयानक सिनेमा' असल्या याद्या. त्या वाचून माणूस पुढच्या धक्क्याची वाट बघत बसतो आणि चेहरे बघायचे राहून जातात. काही जणांचं मन मात्र स्वतःला वाचवण्यासाठी बधिर होतं. तेही स्वाभाविकच आहे.

दिग्दर्शकाने यानंतर काय केलं?

एकही चित्रपट केला नाही. पुढच्याच वर्षी ते सोव्हिएत चित्रपटकारांच्या संघटनेचे प्रमुख झाले आणि सेन्सॉरने अडकवलेले अनेकांचे सिनेमे सोडवण्यात त्यांचा वाटा होता. नवं काही करण्याची ओढ उरली नाही, जे शक्य होतं ते करून झालं, असं ते म्हणत. २००३ साली ते वारले.

पुन्हा बघावा का? आणि यानंतर काय बघू, काय वाचू?

पुन्हा बघण्याची गरज बहुतेकांना पडत नाही. एकदा पाहिलेला पुरतो.

क्लिमोव यांच्या पत्नी लारिसा शेपित्को यांचा 'द असेन्ट' (१९७७) जरूर पाहा. तोही ताब्यातल्या बेलारूसचा, वासिल बिकाव यांच्या कादंबरीवरचा. बर्लिन महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल हा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. दोनच वर्षांनी शेपित्को मोटार अपघातात गेल्या. त्या सिनेमात बर्फ आहे, मोजकी माणसं आहेत, आणि विश्वासघात करणाऱ्या माणसाबद्दलची इतकी सखोल समज मी इतरत्र फारशी पाहिलेली नाही.

वाचायचं तर स्वेतलाना अलेक्सियेविच. त्या अदामोविच यांना आपले गुरू मानतात, आणि माणसांच्या तोंडून इतिहास लिहिण्याची त्यांची रीत तिथूनच आलेली आहे. युद्धात लहान असलेल्यांच्या आठवणींचं 'शेवटचे साक्षीदार' या अर्थाच्या नावाचं त्यांचं पुस्तक आहे. ते दोन-दोन पानांच्या हकिकतींचं आहे. एका वेळी एकच वाचा.